पुढच्या दोरासाठी लिहिलेलं

वेल्समधल्या स्नोडन शिखराच्या परिसरात पेन-इ-ग्विरिड नावाचं एक जुनं हॉटेल आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतली मंडळी सरावाच्या दिवसांत इथे उतरली होती, म्हणून आज ते ओळखलं जातं. माझ्या दृष्टीने त्याचं महत्त्व वेगळ्याच गोष्टीत आहे. एकोणिसाव्या शतकात इथे पाहुण्यांसाठी एक वही ठेवलेली असे आणि तिच्यात ज्याला जे सुचेल ते तो लिही. १८५६ साली लेखक चार्ल्स किंग्जली आणि त्याचे दोन मित्र इथे येऊन राहिले, तेव्हा त्यांनी वहीत चक्क कविता लिहिली. पुढे १८८४ मध्ये हॉटेलात दुसरी वही आली. तिला कुलूप होतं. डोंगर, त्यातल्या वाटा, तिथली झाडंझुडपं, तिथला खडक यांविषयी ज्याला खरोखर काही सांगायचं असेल त्यानेच किल्ली मागून घ्यायची आणि लिहायचं.

हे कुलूप कुणाला हिणवण्यासाठी नव्हतं. कड्याबद्दलची नोंद उद्या त्याच कड्याखाली दोर उलगडणाऱ्या माणसासाठी असते, ही जाण त्यामागे होती. त्या माणसाला कवितेचा उपयोग नाही. त्याला हवं असतं ते इतकंच: सुरुवात कुठून करायची, मधे थांबायला जागा कुठे आहे, काय हलतं, काय तुटतं आणि उतरायचं कसं. प्रस्तरारोहणाच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात नोंदींच्या पद्धती बदलल्या, भाषा बदलली, साधनं बदलली, पण चांगली नोंद आणि निरुपयोगी नोंद यांतला फरक त्या कुलपापाशी होता तिथेच आहे.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये नेप्स नीडल नावाचा एक नाजूक सुळका आहे. १८८६ च्या जूनअखेरीस वॉल्टर हॅस्केट स्मिथ नावाचा तरुण एकटा, दोराशिवाय त्यावर चढला आणि आपण पोचल्याची खूण म्हणून माथ्यावर दगडाखाली रुमाल ठेवून उतरला. खालून तो रुमाल दिसे. त्यावरून कुणीतरी वर जाऊन आलं एवढं कळे, पण कोणत्या बाजूने, कोणत्या भेगेतून, शेवटचा टप्पा कसा पार केला, यातलं काहीच कळत नसे. आजही कड्यांबद्दल लिहिल्या जाणाऱ्या असंख्य ओळी अशा रुमालासारख्याच असतात. ‘जबरदस्त रूट’, ‘मजा आली’, ‘सोपा आहे, उगाच घाबरवतात’. लिहिणारा वर पोचला, एवढीच माहिती त्यांतून मिळते. हॅस्केट स्मिथ मात्र रुमालावर थांबला नाही. १८९४ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या कड्यांची आणि घळींची अकारविल्हे माहिती देणारं पुस्तक काढलं, पुढच्या वर्षी वेल्स आणि आयर्लंडचा भाग काढला. १९३६ मध्ये, पहिल्या चढाईला पन्नास वर्षं झाली तेव्हा, सत्तरी ओलांडलेल्या वयात तो पुन्हा त्याच सुळक्यावर चढला. या वेळी दोर लावून.

त्याच परिसरात वॉस्डेल हेडच्या हॉटेलात १८९० पासून आरोहकांची स्वतंत्र वही होती. दिवसभर कड्यावर राबून आलेली माणसं संध्याकाळी तिच्यात त्या दिवसाची वाट लिहून काढत. लिहिणारा आणि वाचणारा बहुधा एकाच जेवणाच्या टेबलावर बसलेले असत, त्यामुळे शंका तिथल्या तिथे विचारता येई आणि फुशारकी तिथल्या तिथे उघडी पडे. नोंदीला असा जिवंत वचक मिळणं हे फार मोठं भाग्य होतं. वाचणारा अनोळखी झाला, दूरचा झाला, की हा वचक जातो आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी लागते.

ती जागा भरण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे श्रेणी. ओवेन ग्लिन जोन्स हा लंडनमधला विज्ञानशिक्षक वॉस्डेलच्या मंडळींपैकीच एक. १८९७ मध्ये त्याने लेक डिस्ट्रिक्टमधल्या आरोहणावर पुस्तक लिहिलं आणि त्यात चढाया चार गटांत लावल्या: सोप्या, मध्यम, अवघड आणि अत्यंत कठीण. दोनच वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या दां ब्लांश शिखरावर पडून तो गेला, पण त्याची कल्पना टिकली. अनोळखी माणसालाही एका शब्दात अंदाज देता येतो, हे त्याने दाखवून दिलं होतं.

एका शब्दात अंदाज देण्याचे धोकेही लवकरच दिसू लागले. अमेरिकेची कथा यासाठी पाहण्यासारखी आहे. सिएरा क्लबने १९३० च्या दशकात डोंगरातल्या हालचालींचे सहा वर्ग केले. साधी पायवाट पहिल्या वर्गात, दोर लावून करायचं आरोहण पाचव्यात. १९५० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ताकीझ कड्यावर रॉयल रॉबिन्स, डॉन विल्सन, चक विल्ट्स या मंडळींनी पाचव्या वर्गाचे दशांश पाडले. ५.० सर्वांत सोपं, ५.९ सर्वांत अवघड. दशांशपद्धतीत नवाच्या पुढे जागा नाही, म्हणून पुढे आलेल्या आणखी कठीण चढायाही काही काळ ५.९ मध्येच कोंबल्या गेल्या. शेवटी ही चौकट मोडून ५.१० हा आकडा आला. मग त्याचेही ए, बी, सी, डी असे चार तुकडे जिम ब्रिडवेलने पाडले. आज ही पट्टी ५.१५डी पर्यंत पोचली आहे. पण १९५० किंवा ६० च्या दशकात ज्याला ५.९ म्हटलं गेलं, ते अनेक ठिकाणी आजच्या ५.९ पेक्षा बरंच कठीण निघतं. ज्याला हा इतिहास माहीत नाही तो आकड्यावर विश्वास ठेवून निघतो आणि पहिल्याच भेगेत दमतो. म्हणून कोणत्याही श्रेणीशेजारी ती कोणत्या साली दिली गेली हे लिहिलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा घोळ अवघडपणा आणि धोका एकाच आकड्यात मिसळण्याचा. चढाई अवघड असूनही जवळ भक्कम बोल्ट असेल तर पडलेला माणूस दोन हात खाली लटकतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. चढाई सोपी असली आणि मागचा आधार पंधरा मीटर खाली असला तर एक निसटता पाय जीव घेऊ शकतो. ब्रिटिशांनी यासाठी दोन श्रेण्या शेजारीशेजारी लिहायची सवय लावली. एक संपूर्ण चढाईच्या गांभीर्याची, दुसरी तिच्यातल्या सर्वांत अवघड हालचालीची. ‘व्हेरी सिव्हिअर ४सी’ ही नेहमीची जोडी. त्याऐवजी ‘व्हेरी सिव्हिअर ४बी’ दिसलं तर जाणता वाचक सावध होतो: हालचाली सोप्या आहेत आणि तरीही गांभीर्य तेवढंच ठेवलंय, म्हणजे आधार विरळ असणार. ‘व्हेरी सिव्हिअर ५ए’ असेल तर उलट, एखादीच कठीण जागा आणि तीही सुरक्षित. दोन चिन्हांत इतकं सांगता येतं. अमेरिकेत १९८० मध्ये जिम एरिक्सनने चित्रपटांच्या प्रमाणपत्रांवरून जी, पीजी, आर, एक्स ही अक्षरं घेतली आणि आकड्यापुढे जोडली. ‘एक्स’ म्हणजे इथे पडलात तर मृत्यू किंवा गंभीर इजा. हे एक अक्षर परिच्छेदभर वर्णनापेक्षा मोलाचं आहे.

श्रेणी कोण देतं, हाही प्रश्न आहेच. पहिल्यांदा चढणारा देतो ती फक्त सूचना असते. फ्रान्समध्ये फ्रेड रूलिंगने १९९५ मध्ये आकिरा नावाची चढाई फ्रेंच श्रेणीत ९बी म्हणून जाहीर केली. त्या काळी जगात तेवढं कठीण काही नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं वाद झाला. २०२० मध्ये इतरांनी ती चढून पाहिली आणि ९ए सुचवलं. इंग्लंडमधल्या हबल नावाच्या चढाईचं बरोबर उलट झालं. बेन मूनने १९९० मध्ये तिला ८सी+ म्हटलं, आता अनेकजण तिला ९ए मानतात. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं असं मानायचं कारण नाही. एका शरीराचा अनुभव दुसऱ्या शरीराला लागू पडेलच असं नसतं. योसेमिटीतल्या एल कॅपिटानवरची ‘द नोज’ ही एक हजार मीटरच्या आसपास उंचीची चढाई. १९५८ मध्ये वॉरन हार्डिंग आणि साथीदारांनी ती कृत्रिम साधनांच्या आधाराने पूर्ण केली. केवळ हातापायांनी, दोर फक्त पडण्यापासून वाचवायला, अशी ती प्रथम चढली लिन हिल, १९९३ मध्ये. तोवर जगातले उत्तमोत्तम पुरुष आरोहक हरले होते. हिलची उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. काही बारीक भेगांमध्ये तिची बोटं जात होती, त्यांची जात नव्हती. तेव्हा ‘होल्ड लांब आहे’ असं लिहिणाऱ्याने आपली उंचीही लिहावी. ‘माझी उंची १६० सेंटिमीटर, डावीकडच्या खोबणीपर्यंत हात पोचला नाही, खालच्या पायरीवर पाय उंच टाकून गेले’ या एका वाक्याने पुढच्या ठेंगण्या मुलीला जितकी मदत होते, तितकी दहा जणांनी दिलेल्या आकड्यांच्या सरासरीने होत नाही.

सरासरीचा आणखी एक दोष आहे. जो चढून गेला तो लिहितो, जो अर्ध्यातून परतला तो गप्प बसतो. त्यामुळे वाचणाऱ्याला प्रत्येक कडा जरा जास्तच सोपा दिसतो. खरं तर परतलेल्याची नोंद सर्वांत मौल्यवान असते. ‘तिसऱ्या टप्प्यावर उजवीकडे गेलो, तिथे वाट संपते, परत फिरायला एकही भरवशाचा अँकर नाही’ हे लिहायला मन मोठं लागतं. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी अपघातांचे वृत्तांत छापत आला आहे. त्यात काय घडलं आणि काय टाळता आलं असतं याची चिकित्सा असते. ते वाचताना लक्षात येतं की किती अपघात चढताना नव्हे, उतरताना झाले आहेत. रॅपलिंग करताना दोराचं टोक संपलं आणि माणूस टोकावरून निसटला, किंवा खाली सोडताना दोर अपुरा पडला. हे पुन्हा पुन्हा घडतं.

इथे नोंदीचा एक अगदी साधा तपशील जीव वाचवू शकतो. जुन्या वर्णनांतले टप्पे ४५ किंवा ५० मीटरच्या दोराला धरून आखलेले आहेत. आज कुणाकडे ६० मीटर असतो, कुणाकडे ७०. ज्याच्याकडे ७० होता त्याने ‘एकाच रॅपलमध्ये खाली’ असं लिहिलं आणि ६० वाल्याने ते वाचून दोर सोडला, तर दोन्ही टोकं जमिनीपासून पाच-पाच मीटर वर लटकतात. वापरून आणि भिजून दोर आखडतो, हा हिशेब आणखी वेगळा. तेव्हा ‘दोन रॅपल’ ही माहिती नव्हे. ‘६० मीटरच्या एकेरी दोराने दोन रॅपल, पहिला २८ मीटर, झाडाखालच्या कपारीतल्या साखळीपर्यंत’ ही माहिती. उतरण्याचं वर्णन नसलेली नोंद अपुरी समजून परत पाठवावी, इतकं मी म्हणेन.

आता काळाकडे वळू, कारण कड्यावरची माहिती नासते. योसेमिटीतल्या हाफ डोमच्या वायव्य भिंतीवरची वाट रॉबिन्स, जेरी गॅलवास आणि माइक शेरिक यांनी १९५७ मध्ये उघडली. पुढची अठ्ठावन्न वर्षं असंख्य दोर त्या वाटेने गेले. तिचं वर्णन पुस्तकापुस्तकांत घोटून घोटून अचूक झालं. जुलै २०१५ च्या सुरुवातीला भिंतीचा एक मोठा पापुद्रा कोसळला आणि अकरावा व बारावा टप्पा यांचा मोठा भाग नाहीसा झाला. जगातली सर्वांत तपासलेली नोंद एका रात्रीत चुकीची ठरली. त्या आठवड्यात तिथे गेलेल्या आरोहकांचे चार शब्द सगळ्या छापील पुस्तकांपेक्षा खरे होते.

कधी बदल इतका उघड नसतो. थायलंडमधल्या रायलेच्या समुद्रकाठच्या चुनखडी कड्यांवर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वरून चकचकीत दिसत असतानाही तुटू लागले. खारी हवा, उष्णता आणि ताण यांमुळे धातूला आतून बारीक तडे जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. आता तिथे टायटॅनियमचे, गोंदाने बसवलेले बोल्ट वापरतात. म्हणजे ‘बोल्ट चांगले आहेत’ ही नोंद तिथे निरुपयोगीच नव्हे तर घातक. बोल्ट कोणत्या धातूचा, कोणत्या साली बसवला, याची नोंद हवी. सॅक्सनीच्या एल्बे नदीकाठच्या वालुकाश्मात प्रश्न ओलाव्याचा. ओला वालुकाश्म इतका कमकुवत होतो की वर्षानुवर्षं टिकलेली पकड हातात येते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर तिथे चढायचंच नाही असा नियम आहे. रुडॉल्फ फेरमान याने १९०८ मध्ये या भागाचं मार्गदर्शक पुस्तक काढलं आणि १९१३ च्या आवृत्तीत चढण्याचे नियमही घातले. तिथे धातूची चोकनट किंवा कॅम वापरायची नाहीत, गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या आधारावर चढायचं. अकराशेहून अधिक सुळक्यांच्या त्या प्रदेशात सुळक्यांच्या माथ्यावर धातूच्या डबीत वही ठेवलेली असते आणि तिथे लोक नाव, तारीख, वाट लिहितात. तारीख लिहिणं तिथे शिष्टाचाराचाच भाग आहे.

हे सगळं आपल्या सह्याद्रीला जसंच्या तसं लागू होत नाही, पण काही बाबतींत जास्तच लागू होतं. आपला कातळ बेसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर. कठीण थरांच्या मधे ठिसूळ, लालसर, मुरमाड पट्टे येतात. कड्यावरच्या पायऱ्यांवर माती आणि गवत साठतं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत धो धो पाऊस हे सगळं भिजवतो, धुतो, सैल करतो. ऑक्टोबरमध्ये सुळका तोच दिसतो, पण गेल्या फेब्रुवारीत हाताखाली घट्ट असलेला धोंडा या वर्षी डुगडुगत असतो. म्हणून पावसाळ्यानंतर त्या वाटेवर पहिल्यांदा जाणाऱ्या तुकडीवर एक जबाबदारी येते. तिने लिहिलं तर पुढचा सगळा हंगाम सुरक्षित होतो.

दुसरी बाब जुन्या पेगांची आणि बोल्टांची. नागफणी, जीवधनशेजारची वानरलिंगी, तैलबैलाच्या भिंती, लिंगाणा, मनमाडजवळची हडबीची शेंडी, माहुलीचा वजीर या आणि अशा कितीतरी सुळक्यांवर मुंबई-पुण्याच्या, नाशिक-ठाण्याच्या संस्थांनी मोहिमा केल्या. तेव्हा साधनं महाग होती, बाहेरून येत नव्हती. मिळेल ते लोखंड ठोकून माणसं वर गेली, आणि त्यांच्या हिमतीला तोड नाही. ते लोखंड मात्र तिथेच आहे आणि दरवर्षी चार महिने भिजतं. अलीकडच्या वर्षांत स्वयंसेवकांनी अनेक ठिकाणी जुने बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचे बसवले आहेत. हे अतिशय मोलाचं काम आहे. त्याचा पुरता फायदा मात्र कोणत्या टप्प्यावर, कोणत्या साली, किती बोल्ट बदलले आणि जुने कोणते अजून तसेच आहेत हे लिहिलेलं असलं तरच मिळतो. नाहीतर नवीन हँगर पाहून निर्धास्त झालेला लीड क्लाइंबर पुढच्या टप्प्यावर वीस-पंचवीस वर्षांच्या गंजक्या पेगला दोर अडकवतो.

आग्या माशांबद्दल तर जितकं लिहावं तितकं थोडं. उंच कड्यांच्या छपराखाली त्यांची मोठमोठी पोळी लागतात. धूर, तीव्र वास, वरून पडलेला दगड, बोल्ट ठोकण्याचा आवाज, यांतल्या कशानेही त्या उठू शकतात. सपाटीवर माणूस पळतो. कड्यावर दोराला बांधलेल्या माणसाला पळायला जागा नसते. या माशा ऋतूप्रमाणे जागा बदलतात, पण वर्षानुवर्षं त्याच कपारींत परततही असतात. म्हणून ‘मोहोळ आहे’ इतकं लिहून भागत नाही. ‘१२ जानेवारी, दुसऱ्या टप्प्याच्या ओव्हरहँगखाली, वाटेपासून डावीकडे अंदाजे दहा मीटरवर दोन पोळी’ असं हवं. ‘मार्चमध्ये पोळी नव्हती’ हेही तितकंच उपयोगी आहे. नसल्याची नोंद लिहायला लोक विसरतात.

पाण्याचंही तेच. ‘गडावर पाण्याचं टाकं आहे’ हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. ते टाकं डिसेंबरात भरलेलं आणि एप्रिलात कोरडं असेल तर महिना न लिहिणाऱ्याने पुढच्याला तहानेने मारलं. आणि कड्यांवर घरटी करणाऱ्या गिधाडांचं काय? लांब चोचीच्या गिधाडांचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपल्या चढाईचा हंगाम. योसेमिटीत शाही ससाण्याच्या घरट्यांमुळे काही भिंती साधारण १ मार्च ते १५ जुलै आरोहकांना बंद असतात आणि ती माहिती चढाईच्या माहितीइतक्याच ठळकपणे दिली जाते. आपल्याकडेही ‘या महिन्यांत इथे चढू नका’ ही ओळ वाटेच्या वर्णनात सर्वांत वर असली पाहिजे. घरट्याची नेमकी जागा मात्र लिहू नये, कारण ती वाचणारे सगळेच पक्ष्यांचे हितचिंतक नसतात.

लिहू नये अशा आणखीही काही गोष्टी आहेत. आरोहकांपैकी कितीतरी जणांना अनोळखी वाट, कुणाचं काही न ऐकता, पहिल्याच प्रयत्नात चढायची असते. त्याला ऑनसाइट म्हणतात आणि त्याचा आनंद वेगळाच आहे. ‘उजव्या हाताने कोपऱ्यातली बारीक पकड घ्या, डावा गुडघा आत वळवा’ असा बीटा त्यांच्या डोळ्यांपुढे आला की तो आनंद कायमचा जातो. यावर उपाय एकच, हालचालींचं वर्णन शेवटी, वेगळं, ज्याला हवं त्याने वाचावं असं ठेवायचं. पण काही लोक याच कारणाने धोक्याची माहितीही लपवू पाहतात, ‘कळलं तर मजा जाईल’ म्हणतात. हे मला मान्य नाही. सैल धोंडा, गंजलेला पेग, मोहोळ, अपुरा दोर ही माहिती कुणाच्याही आनंदापेक्षा आधी येते.

नोंद खरी आहे की नाही हेही तपासता आलं पाहिजे. १९५९ मध्ये इटालियन आरोहक चेझारे माएस्त्रीने पाटागोनियातल्या सेरो तोरे या शिखरावर टोनी एगरसह पोचल्याचं जाहीर केलं. उतरताना एगर हिमप्रपातात गेला, असं माएस्त्रीने सांगितलं. वरच्या भागाचं त्याचं वर्णन मात्र धूसर होतं आणि पुढे सांगताना बदलत गेलं. २००५ मध्ये एर्मान्नो साल्वातेरा, अलेस्सांद्रो बेल्त्रामी आणि रोलांदो गारिबोत्ती त्याच बाजूने शिखरापर्यंत गेले. भिंतीच्या खालच्या भागातल्या एका हिमपट्ट्यापर्यंत १९५९ ची साधनं सापडलेली आहेत. त्याच्या वर काहीच नाही, आणि तिथला कडा माएस्त्रीच्या वर्णनाशी जुळतही नाही. आज १९७४ ची इटालियन चढाई हीच पहिली निर्विवाद चढाई मानली जाते. खरोखर गेलेल्या माणसाच्या वर्णनात अडचणीचे, विचित्र, आधी कुणाला न सुचणारे तपशील असतात. ते नसतील तर शंका घ्यावी.

राहता राहिली साफसफाई. जुन्या पद्धतीत ती आपोआप होई. क्लाइंबर्स क्लबने १९०९ मध्ये वेल्समधल्या लिवेथ कड्याचं छोटं मार्गदर्शक पुस्तक काढलं, फेल अँड रॉक क्लबने १९२२ पासून लेक डिस्ट्रिक्टची पुस्तकं काढायला घेतली. नवी आवृत्ती काढताना संपादकांना प्रत्येक वाट पुन्हा चढून पाहावी लागे, जुनी वाक्यं काढावी लागत, दोन ओळींची एक करावी लागे. पुस्तकाची पानं मोजकी असत आणि त्यामुळे फापटपसारा टिकत नसे. जिथे पानांची मर्यादा नाही तिथे दहा वर्षांपूर्वीची ‘दुसरा बोल्ट सैल’ ही ओळ, बोल्ट बदलल्यावरही, तशीच राहते. तिच्या खाली कुणीतरी ‘नाही, घट्ट आहे’ लिहितो, तिसरा ‘तू कुठला बोल्ट म्हणतोयस’ विचारतो आणि वाचणारा गोंधळतो. त्यातून एखाद्या माणसाने बसून, तारखा पाहून, दुरुस्त झालेलं काढून टाकून, खरं ते एका परिच्छेदात घातलं पाहिजे. या कामाला नाव मिळत नाही. एखाद्याची ओळ काढली तर तो रागावतो. तरीही हे काम करणारा माणूस प्रत्येक संस्थेत असलाच पाहिजे, आणि ज्याची ओळ निघाली त्याने वाईट वाटून घेऊ नये. दुरुस्ती होऊन ओळ निघून जाणं, हे तिचं काम झाल्याचंच लक्षण आहे.

सह्याद्रीतले सुळके पहिल्यांदा चढलेली अनेक माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या डायऱ्या, रेखाचित्रं, मोहिमांचे टंकलेखन केलेले अहवाल घराघरांतल्या कपाटांत आणि संस्थांच्या ट्रंकांत आहेत. कोणता पेग कुठे ठोकला, कुठून परत फिरावं लागलं, गावातल्या कुणी वाट दाखवली आणि त्या घळीला गावकरी काय म्हणत, हे त्यांना आठवतं. त्यांच्याकडे जा. कागद पुढे ठेवा, सुळक्याचा फोटो ठेवा आणि टप्प्याटप्प्याने विचारा. लिहून घेतलेलं त्यांना वाचून दाखवा, चुका दुरुस्त करून घ्या, खाली तारीख आणि दोघांची नावं घाला. मग पुढच्या हंगामात ती नोंद घेऊन त्या कड्यावर जा आणि जे बदललेलं दिसेल ते तिच्याखाली लिहा.